आधी तुम्ही खा

दि. ९ नोव्हेंबर

चि. जावईबापूंस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघे आपापल्या मर्जीनं चालतात. तुम्ही तिघं खुशाल असाल. ‘जावईबापू’ लिहिताना पेन जरा अडखळलं. सुनेला लेक मानून मीच तुमच्या हाती दिली, तेव्हा नातं चोख आहे. हाताला सवय व्हायला वेळ लागेल, एवढंच.

तुमचं पत्र मिळालं. “बाबा, राग मानू नका, पण मिरीच्या खाऊचा डबा काही दिवस थांबवू या का?” राग मानू नका म्हटलं की माणूस आधी रागच मानतो. मीही मानला. दर शनिवारी कंडक्टरच्या हातापाया पडून मी डबा बसमध्ये चढवतो, आणि नातीला रंगीत पाकिटातली बिस्किटं आणणारा माणूस मला थांबायला सांगतो! पाकिटावर स्ट्रॉबेरी, आत नुसता तिचा वास. त्या वासाचे कॅन मी बिस्किटांच्या कारखान्यात कित्येक वर्षं उचलले आहेत. स्ट्रॉबेरी तिकडे कधी फिरकली नाही.

माझा मुलगा त्याच कारखान्यातल्या तुकड्यांवर वाढला. मोडकी बिस्किटं कामगारांना पिशवी भरून मिळायची. शाळेतून आला की पिशवीत हात, जेवणाच्या नावानं बोंब. पुढे ज्या दुखण्यानं तो गेला, त्याच्याशी त्या बिस्किटांचा काही संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी मला परत परत समजावलं. मन मात्र ऐकायला तयार नाही.

तो गेला तेव्हा मिरी मांडीवरची होती. तिची आई कामाला जायला लागली आणि पोर दिवसभर माझ्याकडे. तेव्हाच ठरवलं, हिच्या तोंडात जाईल ते माझ्या डोळ्यांदेखत तयार झालेलं असेल. पिकलं केळं आणि खजूर कुस्करायचं, त्यात ओट्सचं पीठ, दाण्याचं अगदी बारीक कूट, आणि तव्यावर मंद आचेवर चकत्या भाजायच्या. गाजर दोन बोटांत चिरडेल इतकं वाफवायचं. द्राक्षाच्या उभ्या चार फोडी, अख्खं कधी नाही. साखर नाही, मैदा नाही. माझी बायको असती तर म्हणाली असती, “पोराच्या वेळी कुठे गेली होती ही अक्कल?” मिरीनं मात्र माझं बारसंच केलं, खाऊआबा.

खोटं कशाला बोलू, ती तुमच्याकडे नीट खात नाही हे वाचून मला आधी बरंच वाटलं. म्हातारं मन फार मतलबी असतं.

मग तुमची पुढची ओळ वाचली. डबा आला की ती झाकण उघडते, चकती हातात घेते, आणि दाराकडे बघत बसते. चकती हातातच वाळते. तुम्ही लिहिलंत, चव आवडेनाशी झाली असेल.

जावईबापू, चवीचं काही नाही हो. कारखान्यात पुढे मी तपासणीला होतो. बिस्कीट मोडायचं, हुंगायचं, अर्धं खाऊन बघायचं आणि ‘पास’ म्हणायचं. ती सवय हाडात मुरली. मिरीला भरवतानाही मी चकती मोडायचो, हुंगायचो, अर्धी खायचो, ‘पास!’ म्हणायचो, मग उरलेली तिला. ती खदखदून हसायची. तिची आई कामावर, तिनं हे कधी पाहिलंच नाही. मिरीच्या लेखी पास झाल्याशिवाय खाऊ खायचा नसतो. ते करायला खाऊआबा आता येईल, मग येईल, म्हणून बसून राहते बिचारी.

हे लक्षात आलं आणि मी ओट्यापाशी उभ्यानं रडलो. ज्या डब्यानं तिचं पोट भरावं, तोच तिला उपाशी ठेवत होता.

तर आजपासून डबा बंद. चकत्या तुम्ही करा. पहिला घाणा करपेल, करपू दे. तिच्यासमोर खाली जमिनीवर बसा. मोडा, हुंगा आणि आधी तुम्ही खा. चेहरा गंभीर ठेवा, तपासनीस हसला तर माल संशयास्पद ठरतो. मग ‘पास’ म्हणा. पहिल्या दिवशी ती तुम्हालाच नापास करेल. धीर सोडू नका.

आणि “आबा असं करायचे” हे मात्र म्हणू नका. माझं नाव निघालं की ती पुन्हा दाराकडे बघेल. ही रीत तुमच्याच घरची आहे असं तिला वाटू दे. लहान मुलं विसरतात. विसरू दे. तिला तुमच्या घरात भूक लागायला हवी. तोवर इकडे आणायची घाई नको. मला करमणार नाही, पण ते माझं मी बघेन.

लेकीला सांगा, आबा रागावलेले नाहीत. फोनवर आवाज दगा देतो म्हणून पत्र लिहिलं.

एकच मागतो. ज्या दिवशी मिरी दाराकडे न बघता खाईल, त्या दिवशी मला कळवा. फार लिहू नका. कार्डावर ‘पास’ एवढंच लिहा, मी समजेन.

तुमचा,
आता नुसताच आबा