पाच इंची की तीन इंची

४ फेब्रुवारी

पुन्हा तेच! "मोठं घेऊन करायचंय काय?" — थोरले काका. तिसऱ्यांदा. कारण विचारलं तर म्हणे, "मला वाटतं म्हणून." वाटतं! या घरात एवढ्यावर सगळं ठरतं.

लिहून काढते, म्हणजे उद्या तोंड आवरता येईल. छाटणीच्या फांद्या बागेत जाळायला आता बंदी आहे. तसा कागद आला, तो मीच सगळ्यांना वाचून दाखवला. कागद आला की वाचायचा मी. बाबा आणि काका शाळेच्या फाटकापर्यंत गेले ते मला पोचवायलाच. तर फांद्यांचा घराएवढा ढीग झालाय, आणि आपल्या छोट्या ट्रॅक्टरला मागून जोडायचा चिपर घ्यायचाय. फांदी आत घालायची, बाहेर भुगा, भुगा झाडांच्या बुडाशी. प्रश्न एवढाच की केवढा घ्यायचा — पाच इंच जाड फांदी खाणारा, की तीन इंच.

मी ढिगातल्या शंभर फांद्या मोजल्या. आईची शिवणाची टेप घेऊन, एकेकीचा घेर घेऊन. एक्केचाळीस फांद्या तीन इंचांहून जाड निघाल्या. काका चहाचा कप घेऊन बघत उभे. म्हणाले, "मापं घेऊन झबली शिवणार आहेस का त्यांना?"

काकू इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

६ फेब्रुवारी

बाबांबरोबर दुकानात जाऊन आले. तिथला विक्रेता — गळ्यात टाय, नखांत ग्रीसचा कण नाही. प्रश्न मी विचारते, उत्तरं बाबांना देतो! "रंग बघा काका, कसा उठून दिसतो."

रंग. फांद्या काय रंग बघून आत जाणार आहेत?

मी विचारलं, पीटीओला किती ताकद लागते? पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागे फिरणारा दांडा. चिपर त्याच्यावर चालतो. इंजिनाची सगळी ताकद तिथवर पोचत नाही, वाटेत थोडी खर्च होते. हे त्या टायवाल्याला माहीत नव्हतं! "तीसचा ट्रॅक्टर आहे ना, मग काहीही चालेल मॅडम." काहीही! मी त्याला आतून पुस्तिका आणायला लावली आणि तक्ता त्याच्याच टेबलावर उघडला. पाच इंचीला दांड्यावर बावीस एचपी. तीन इंचीला चौदा. आपला इंजिनाला तीस, म्हणजे मागे पंचवीसच्या आसपास. बसतो. वर तीन उरतात.

"मुलगी भलतीच हुशार आहे हो तुमची," टायवाला बाबांना म्हणाला. पोपट छान बोलतो म्हणावं, तसा.

परतताना बाबांनी एकच विचारलं. "खात्री आहे ना तुला?"

"आहे."

"मग झालं."

७ फेब्रुवारी

ट्रॅक्टरची कागदपत्रं मागितली. आकडा एकदा कागदावर बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. काका म्हणाले, "कपाटाची किल्ली सापडत नाही." कधीपासून? "बरेच दिवस." आणि शोधली का नाही? "लागली नाही म्हणून."

धन्य आहे! नाहीतरी बॉनेटवर हातभर अक्षरांत ३० लिहिलंय, आंधळ्यालाही दिसेल. त्या मॉडेलची पुस्तिका उतरवून घेतली आणि अख्खी वाचली.

९ फेब्रुवारी

तीन एचपी जास्तीचे पुरतील ना? पुन्हा गणित केलं. पुरतील.

१२ फेब्रुवारी

काका बागेत ट्रॅक्टर चालवतात ते बघवत नाही. गोगलगाय बरी. नांगर वीतभर तरी घालावा — तर चार बोटं. ट्रेलर अर्धा भरला की, "पुरे, पुरे!" आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आठ वर्षं तीसचा ट्रॅक्टर दारात आहे आणि त्याच्याकडून काम करून घेतात हातगाडीचं. असा माणूस मला सांगणार, कुठला चिपर घ्यायचा!

बाबांना हे बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, "दादाची पद्धत आहे ती."

पद्धत नव्हे, भीती. मोठ्या वस्तूची भीती. न शिकलेल्या माणसाची — लिहिलं खरं. खोडत नाही.

१५ फेब्रुवारी

आज झालं एकदाचं. जेवताना काकांनी विषय काढला. "तीन इंची घ्या. जाड फांद्या मी कुऱ्हाडीनं फोडतो." मी म्हटलं, एक्केचाळीस टक्के फांद्या? दर वर्षी? वयाच्या साठीत? काका म्हणाले, "शहाणे, कुऱ्हाडीला टक्के कळत नाहीत."

मी वहीतलं गणित वाचून दाखवलं. काकांनी ऐकून घेतलं, ताटात बघत. मग म्हणाले, "कागदावर सगळंच चालतं."

तेव्हा बाबा बोलले. बाबा! जे काकांसमोर खुर्चीतसुद्धा टेकून बसत नाहीत. म्हणाले, "दादा, या वेळी ती म्हणेल ते घ्यायचं. तिला शिकवली कशाला मग?"

आईच्या हातातलं ताट तसंच. काका उठले, हात धुतला, बाहेर गेले.

बाबांचे कान लाल झाले होते. माझ्या शब्दाखातर ते काकांना आडवे गेले. जन्मात पहिल्यांदा. चूक झाली तर ती माझी राहणार नाही, त्यांची होईल. — पण चूक नाही. चार वेळा तपासलंय.

१८ फेब्रुवारी

काका माझ्याशी बोलत नाहीत. काकूमार्फत निरोप: "पंडिताबाईंना म्हणावं, चहा झालाय."

२१ फेब्रुवारी

उद्या दुकानात फॉर्म द्यायचाय. त्यात इंजिनावरच्या पट्टीचा नंबर लागतो. टायवाला म्हणाला, "भरा काहीही, कोण बघतं!" मी बघते.

म्हणून सकाळी रॉकेलचा बोळा आणि जुना दातांचा ब्रश घेऊन शेडमध्ये गेले. पट्टी इंजिनाच्या उजव्या अंगाला, खाली. तिच्यावर ग्रीस आणि मातीचा बोटभर थर. घासत बसले. आधी कंपनीचं नाव. मग आकडे — लांबलचक, कसलेकसले. मग मॉडेल. मग ताकद.

वीस.

पुन्हा पुसलं. वीस. मागच्या दांड्यावर सोळा पूर्णांक आठ.

बॉनेटकडे बघितलं. ३०. जवळ जाऊन तीनवरून नख फिरवलं, तर पापुद्रा निघाला. ब्रशानं रंगवलेला! कडासुद्धा सरळ नाहीत. मी शंभर फांद्यांचा घेर घेतला, आणि हे —

"राहू दे," मागून आवाज आला. काका. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

मी म्हटलं, हे तुम्ही रंगवलंत?

"मी नाही. ज्यानं विकला त्यानं." उलट्या बादलीवर बसले. "घरच्यांनी तीसचा आणायला पाठवलं होतं मला. आणला. महिन्यानं मेकॅनिकनं सांगितलं, हसत हसत. तोवर घरात सगळ्यांनी पाठ थोपटून झाली होती. तुझा बाबा तर भेटेल त्याला सांगत होता — दादानं बघून आणला."

मी विचारलं, पट्टी नाही बघितली?

"बघितली की. दहा ठिकाणी आकडे आहेत तिच्यावर. त्यातला आपला कुठला, ते मला काय कळणार पोरी? बॉनेटवरचा तेवढा कळला." मग, "तूही तोच बघितलास ना?"

ब्रश हातात, रॉकेल कोपरापर्यंत ओघळलेलं. आठ वर्षं हा माणूस वीसचा ट्रॅक्टर तीसचा म्हणून चालवत होता. इंजिनावर ताण पडू नये म्हणून चार बोटं नांगर. अर्धा ट्रेलर.

जाताना एवढंच म्हणाले, "पाच इंची लावलास तर पहिल्या जाड फांदीला बंद पडेल. मग सगळ्यांनाच कळेल. तू सांगायचं तर सांग. मी थांबवत नाही."

२२ फेब्रुवारी

फॉर्म दिला नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुखतही होतं.

खरं सांगावं, तर काका उघडे पडतात. गप्प बसावं, तर ट्रॅक्टर बंद पडतो आणि बाबा तोंडघशी पडतात. खोटं मी बोलत नाही, हा माझा मोठा दिमाख. कुणी कधी विचारलंच नव्हतं, तोवर दिमाख सोपा होता.

१२ तारखेचं वाक्य आज वाचलं. खोडावं वाटलं. खोडलं नाही. राहू दे डोळ्यांसमोर.

२३ फेब्रुवारी

जेवताना सांगितलं. तक्ता वाचताना माझी ओळ चुकली, पाच इंची आपल्याला झेपणार नाही, तीन इंचीच घ्यावा लागेल. आई म्हणाली, "अगं, चार वेळा तपासलंस ना?" काकू म्हणाली, "एवढं शिकून!" बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग काकांकडे वळून म्हणाले, "दादा, तुझंच खरं निघालं." काका हसले. सगळ्यांत मोठ्यानं. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, थांबेचना.

पाणी मी दिलं.