जावेचा अंगठा

गेल्या मतदानाला सुट्टी मिळाली म्हणून दुपारपर्यंत लोळलात आणि संध्याकाळी "अरेच्चा, राहिलंच की!" म्हणालात, ते तुम्हीच ना? म्हणून तोंडी सांगत नाही, लिहून ठेवते. म्हणजे लिहिते माझी नात. मला अक्षरओळख नाही.

मी, इस्त्रीवाली आजी, वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करते. डॉक्टरांनी तपासायला विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी सांगितला. खात्री करायला त्यांनाच कॅलेंडर बघावं लागलं.

कलम एक. पुढची खोली मुलाला. गळका नळही त्यालाच. चार वर्षं "उद्या बघतो" म्हणतोय.

कलम दोन. शाईची डबी नातीला. लाँड्रीतून सुटले की ही डबी घेऊन मी दारोदार फिरायची. बायकांना मताचा हक्क द्या, अशा अर्जावर नावं मास्तरीणबाई लिहायच्या, अंगठे मी उठवून घ्यायची. एका नवऱ्याने माझ्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. त्याच्या बायकोने मागच्या दाराने येऊन अंगठा दिला, वर टॉवेलही दिला.

कलम तीन. मागची खोली धाकट्या जावेला, कायमची, तिच्या नावाने. मुला, आठ्या घालू नकोस, पुढे ऐक.

शेवटच्या कागदावर एकच अंगठा कमी होता. जाऊ म्हणाली, "थांबा जाऊबाई, विचार करून उद्या सांगते." मला कुठला दम! तिच्या नावापुढे मी माझाच अंगठा उठवला. त्यावर इस्त्रीने भाजल्याचा डाग. कचेरीतल्या कारकुनाला तो भिंगातून दोनदा दिसला, माझ्या नावापुढे आणि तिच्याही. सगळा गठ्ठा परत आला, हक्क एका निवडणुकीने लांबला. बायकांनी जाब विचारला तेव्हा मी म्हणाले, "जाऊ फितली. अंगठा दिला आणि कचेरीत जाऊन नाकारला." गल्लीने तिच्याशी बोलणं टाकलं. तिने माझं नाव कुणालाच सांगितलं नाही.

पुढे हक्क मिळाला, मला हार पडले. मी तिला हाक मारली, "चल गं, मत द्यायला." ती म्हणाली, "माझं मत तुम्ही एकदा देऊन टाकलंत ना, जाऊबाई? आता परत कशाला?" ती आजवर एकदाही गेलेली नाही. सगळ्या बायकांना मत मिळवून दिलं म्हणता. एक कमी धरा.

नात विचारते, "आजी, हेसुद्धा लिहू?" लिही, ठळक लिही. आणि हे कलम मी मरायची वाट न बघता उद्याच महिला मंडळात मोठ्याने वाच. मी समोर बसेन, तिलाही बसवा. खोलीला मात्र मतदानाची अट घालायची नाही. अटीवर दिलेलं मत पुन्हा माझंच व्हायचं.

अंगठा: माझा, उजवा, डागासकट. एकदाच.

साक्षीदार: शेजारची सुईण (सही). लाँड्रीतली जुनी सोबतीण (अंगठा, तिचा स्वतःचा).

ठिकाण: पुढची खोली, नळाच्या टपटपीत.

तारीख: मतदानाला अकरा दिवस उरले असताना.

ता. क. मतदानाच्या दिवशी जावेला जेवण पाठवा. तिला दात नाहीत. बटाटे मऊ उकडा, मीठ कमी. ती मत देऊन आली तरी, आणि नाही गेली तरी ताट गरमच जायला हवं.