हूं म्हणायचं बटण

बाबा, तुम्हाला लिहायचं म्हणून मी दिवाळीपासून बसतो आहे आणि उठतो आहे. एकदा वही उघडली तर पेन चालेना. पेन आणायला चौकात गेलो तर तिथे एकाची म्हैस नालीत पडलेली, ती बाहेर काढण्यात दिवस गेला. पुढच्या खेपेला दोन ओळी झाल्या आणि ओळखीचा एक जण म्हणाला, चल वणीला जाऊन येऊ. गेलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बस न लेका एका जागी, बुडाखाली इंगळ ठेवले काय तुह्या?" आज बसलो आहे. दुकान बंद आहे आणि पेनही चालतो आहे, त्यामुळे सबब उरलेली नाही.

सध्या मी कळंबला असतो. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. पुढे शाळा बारावीपर्यंत ओढली आणि मग ती सुटली. बोअरवेलच्या गाडीवर तेलंगणात फिरलो, काही दिवस उमरखेडला एका हॉटेलात राहिलो, आणि आता इथे देवळामागच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. झोपायला दुकानामागचीच खोली आहे. गिऱ्हाईक नसलं की फोनवर व्हिडिओ बघत बसायचो, त्यातून एक खेळ बनवायला शिकलो. खेळ म्हणजे धावायचं, मारायचं असं काही त्यात नाही, चित्रंसुद्धा नाहीत. नुसती वाचायची गोष्ट आहे. मधे मधे ती थांबते आणि विचारते, आता काय करू? खाली दोन-तीन उत्तरं असतात, ज्याच्यावर बोट ठेवाल तिकडे गोष्ट वळते. गोष्ट कोणती ते तुम्ही ओळखलं असेल. विलायतेतल्या त्या जुन्या राजाची. दगडात रुतलेली तलवार भल्याभल्यांना निघेना आणि दुसऱ्याच्या घरी वाढलेल्या पोरानं ती सहज उपटली, ती.

मी ती पुस्तकातून घेतलेली नाही. झरीकडच्या आश्रमशाळेत तुम्ही स्वयंपाकी होता आणि स्वयंपाकघराची खिडकी आठवीच्या वर्गाला लागून होती. इंग्रजीचे सर धडा लवकर संपला की पोरांना ही गोष्ट थोडी थोडी सांगायचे आणि तुम्ही चुलीपाशी उभे राहून ऐकायचात. भाताचं गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, उतरवायची वेळ झाली की ऐकणं तुटायचं. जे तुटलं ते तुम्ही आपल्या मनानं जोडून घ्यायचात. दुपारी पोरांची जेवणं झाली की तुम्ही ओट्यावर तांदूळ निवडत बसता आणि गोष्ट सुरू करता. मी दाराच्या चौकटीत आहे, एक पाय आत, एक बाहेर. बाहेर लिंबाखाली दोन कुत्री भांडत आहेत आणि माझं अर्धं लक्ष तिकडे आहे.

सर सांगत की राजानं गोल मेज केलं. मेजाशी तुम्हाला काही देणंघेणं नव्हतं. तुमच्या गोष्टीतला राजा पंगत गोल बसवतो. आपल्या शाळेत पोरं ओळीनं बसत, वाढणं दाराकडून सुरू व्हायचं, आणि भिंतीकडच्या टोकाला जाईपर्यंत वरणातली डाळ संपून नुसतं पिवळं पाणी उरायचं. टोकाला नेहमी लहान पोरं, कारण मोठी ढकलून पुढे बसायची. तुमचा राजा म्हणतो, गोल बसा, म्हंजे टोकच राहत नाही. एक दिवस तुम्ही खरंच पोरांना गोल बसवलं. नेमके अधीक्षक आले.

"काय सर्कस लावली हे?"

तुम्ही हातातलं वगराळं तसंच धरून म्हणालात, "साहेब, आज डाळ सगळ्याइले सारखी पुरली."

"पुरली त पुरली. उद्यापासून लाइन पाहिजे. असं मोजता येत नाही मले."

दुसऱ्या दिवशी लाइन लागली. तुम्ही वाढायला भिंतीकडून सुरुवात केली. त्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

हे सगळं मी खेळात घातलं आणि शेवटी माझा नंबर दिला, कसं वाटलं ते कळवा म्हणून. लोक कळवतात. पुण्याच्या एका कॉलेजातल्या मुलानं लिहिलं की दर चार ओळींनी 'हूं' नावाचं बटण दाबावं लागतं, ते काढा, सरळ पुढे जाऊ द्या. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं हूं म्हणत राहायचं असतं आणि हूं थांबला की सांगणारा थांबतो, हे त्याला कुठून माहीत असणार. मी लिहिलं, भाऊ, हूं नाही तर गोष्ट नाही. त्यानं नुसतं हसरं तोंड पाठवलं. कळंबच्याच एकानं विचारलं, "राजाच्या गोष्टीत वरण काहून हाय बे इतकं? लढाई कवा हाय?" लढाई आहे, पण तुम्ही ती दोन वाक्यांत उरकायचात, मीही तेवढीच ठेवली. एका शिक्षकांनी माझ्या चुका काढून पाठवल्या. मूळ कथेत तळं आहे, पैनगंगेचा डोह नाही, आणि राजे लोक मांडी घालून जेवत नसत. बरोबर आहे त्यांचं. एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून त्या वाचून दाखवतात आणि सासूबाई बटण दाबतात, तर बटण थोडं मोठं करा. ते मी त्याच दिवशी केलं.

सगळ्यात जास्त तक्रार मात्र शेवटाची. राजा घायाळ होऊन डोहाकाठी पडला आहे. सोबत्याला म्हणतो, माझी तलवार पाण्यात टाकून ये. इतकी चांगली तलवार टाकवत नाही, म्हणून सोबती ती झाडाखाली लपवतो आणि येऊन सांगतो, टाकली. राजा विचारतो, काय दिसलं? सोबती म्हणतो, काही नाही, पाणी. राजा म्हणतो, परत जा. दुसऱ्यांदाही तसंच होतं. तिसऱ्यांदा सोबती निघतो, आणि मी ऐकलेली गोष्ट तिथे थांबते. मग तुम्हाला ताप आला, मग यवतमाळचा दवाखाना, आणि मग तुम्ही नव्हता. खेळही तिथेच थांबतो. खाली हूं आहे, पण दाबलं तर काही होत नाही. लोकांना वाटतं बिघाड आहे. उमरखेडच्या एका पोरानं तर फोन दुरुस्तीला नेला म्हणे.

मूळ गोष्टीत पुढे काय होतं ते मी वाचलं आहे, फोनवर सगळं मिळतं. पाण्यातून एक हात वर येतो आणि तलवार झेलतो. पण तुमची गोष्ट आधी कुठेच मूळ गोष्टीसारखी गेली नव्हती, ती शेवटीच कशी जाईल? तुमचं काहीतरी वेगळं असणार. आता नागपूरच्या काही लोकांना हा खेळ शाळांमधल्या पोरांसाठी हवा आहे. सगळं आवडलं त्यांना, वरणसुद्धा. त्यांचं म्हणणं एवढंच की शेवट पूर्ण करा, तुम्हाला नाही सापडला तर आम्ही मूळ कथेतला लावू, रविवारपर्यंत सांगा. म्हणजे पोरं तुमच्या गोल पंगतीत जेवणार आणि उठताना हात धुवायला पाणी मात्र दुसराच कोणीतरी देणार. मला ते नको आहे. पण माझ्यापाशी दुसरं काही नाही.

मागच्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून बोललेला निरोप आला. म्हाताऱ्या बाईचा आवाज. "बापू, मी मावशी बोलून राह्यली. नातीनं वाचून दाखोली तुही गोष्ट. समदं बराबर हाय, पण तुह्या बापानं ते तिथी नोती थांबोली. शेवट मले मालूम हाय." आपल्या स्वयंपाकघरातली कामाठी मावशी, बाबा. कोलामांच्या पोडावरून, त्यांच्या वस्तीवरून, सकाळी चालत यायची आणि सगळ्या शाळेची ताटं घासायची, ती. मी लगेच फोन लावला, कळंबला देवळामागच्या मोबाइलच्या दुकानात असतो ते सांगितलं. म्हटलं, सांग.

"फोनवर नाही सांगत. हूं देते काय फोन?"

"मी देतो ना हूं."

"तू? तू कवा देल्ला हूं? घरी ये, मंग पाहू."

तिनं ते हसत म्हटलं, पण मला काहीतरी आठवलं आणि मग ते डोक्यातून जाईना. मी सगळ्यांना सांगत आलो की माझे बाबा मला गोष्ट सांगायचे. खेळाच्या पहिल्या पानावरही तसंच लिहिलं आहे. पण दुपारचा तो ओटा नीट आठवला तर त्यातला हूं माझा नाही. मावशी राखेनं ताटं घासते आहे आणि दर वाक्याला हूं म्हणते आहे. मी चौकटीत आहे, नाहीतर तिथेही नाही, मैदानात ट्रॅक्टर आला म्हणून पळालो आहे. परत येतो आणि विचारतो, "मंग काय झालं?" तुम्ही सुपातून मान वर न करता म्हणता, "तुह्यासाठी थांबते काय गोष्ट?" गोष्ट तुम्ही मावशीला सांगत होता. मी येता-जाता ऐकली. त्याचं वाईट वाटलं असं नाही म्हणत, पण पहिलं पान बदलावं लागेल.

तिच्याकडे जायला मी निघालोच नाही असं नाही. पहिल्यांदा पांढरकवड्याला एसटी थांबली, तिथे बोअरवेलवाले जुने सोबती भेटले, त्यांच्यात रमलो आणि संध्याकाळी परत आलो. नंतरच्या वेळी तर तिच्या फाट्यावर उतरलो. टपरीवर चहा घेतला. सागाच्या झाडांमधून पोडाकडे जाणारी वाट तिथून दिसत होती. टपरीवाला म्हणाला, "कोणाकडं जाचं हाय?" मी म्हटलं, "कोणाकडं नाही," आणि समोरून आलेल्या गाडीत बसून वापस निघालो. नागपूरच्या लोकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, गेलो होतो, घरी कोणी नव्हतं. खेळात तलवार लपवणाऱ्या सोबत्याला मी 'खोटारडा' असा शब्द वापरला आहे. तो काढावा म्हणतो.

का परतलो ते तुम्हाला सांगायला हरकत नाही, हे पत्र कुठे जाणारं नाही. गोष्ट अर्धी आहे तोवर तुमच्याकडून काहीतरी ऐकायचं बाकी आहे. मावशीनं शेवट सांगितला की बाकी काही राहत नाही. दुसरीकडे रविवार परवावर आला आहे. नागपूरला काय कळवायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, म्हणून तर आज एवढं

मधेच उठावं लागलं. दार वाजत होतं. मला वाटलं गिऱ्हाईक असेल, बंद दुकानाची कडी वाजवणारे पुष्कळ असतात. दारात मावशी उभी होती. हातात पिशवी, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, आणि उंची आठवणीतल्यापेक्षा बरीच कमी.

"यवतमाळले सोयऱ्याइकडं आल्ती," ती म्हणाली. "म्हटलं कळंब काही दूर नाही. तू त येत नाहीस. फाट्यावरून चहा पिऊन वापस गेला म्हणे. टपरीवाल्यानं सांगतलं मले, मोबाइलवाल्यासारखं दिसे म्हणे कोणी."

मी म्हटलं, "बस ना मावशी."

"बसन. पहिले पाय धुवू दे. हे काय लिवून राह्यला?"

"बाबाले चिठ्ठी."

तिनं वहीवर वाकून पाहिलं. तिला वाचता येत नाही. "लिव मंग त्यात, मावशी आली म्हणा," ती म्हणाली, आणि बाहेर नळाकडे जाताना वळून म्हणाली, "मंधात उठून पळशीन त सांगणार नाही. आज हूं तुले द्या लागते."

तर लिहितो. मावशी आली आहे. बाहेर नळावर पाय धुते आहे, पाण्याचा आवाज येतो आहे. एवढ्या लोकांना मी ते बटण दाबायला लावलं, बाबा, पण मी स्वतः कोणाच्या पूर्ण गोष्टीला अजून एकदाही हूं दिलेला नाही. दुकानाच्या पुढच्या बाजूनं कोणीतरी हाक मारतं आहे, चार्जर पाहिजे म्हणून. मी उठलो नाही. नळ बंद झाला.