कोवळे थेंब

प्रिय लगबगे,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवरच बोलले असते, पण प्रयोगशाळेचा विषय निघाला की तू दोन वाक्यांत गुंडाळतेस आणि ‘बरं, ठेवते’ म्हणतेस. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून ही युक्ती.

तू गेल्यापासून इथे फारसं काही बदललेलं नाही. इन्क्युबेटरचं दार अजून कोपराने ढकलल्याशिवाय लागत नाही. मायक्रोस्कोपच्या खोलीत तीच डुगडुगती खुर्ची आहे आणि नवीन येणारा प्रत्येक जण एकदा तरी तिच्यावरून आपटतो. सर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. त्यामुळे की काय, आवाज जरा मवाळ झालाय. आपला रोटाव्हायरस मात्र जसाच्या तसा, तान्ह्या पोरांना जुलाबांनी बेजार करणारा.

पहिल्यांदा त्याचे थेंब पाहिलेस तेव्हा केवढ्याने ओरडली होतीस तू! पेशीत शिरला की हा पठ्ठ्या आधी स्वतःपुरती जागा करतो. त्याची दोन प्रथिनं एकत्र येतात आणि पाण्यात तेलाचे दिसावेत तसे गोल थेंब तयार होतात. त्यांना ना भिंत, ना दार. तिथेच त्याच्या जनुकांच्या अकरा तुकड्यांच्या नकला निघतात आणि नवे विषाणू बांधायला घेतले जातात. तू म्हणायचीस, मेल्याने दुसऱ्याच्या घरात कारखाना टाकलाय, वर भिंती बांधायचेही कष्ट नाहीत. सर सोडून सगळे हसायचे.

आणि मग तो प्रयोग. एक द्रव्य घातलं की ते थेंब विरघळतात का, एवढंच बघायचं होतं. आपली पद्धत ठरलेली. आज पेशींना विषाणू द्यायचा, रात्रभर वाढू द्यायचा, उद्या द्रव्य घालायचं. तुला कुठली तेवढी सवड? वडील अंथरुणावर, संध्याकाळच्या आत घर गाठायचं. तू त्याच दुपारी द्रव्य घातलंस आणि थेंब गायब! आम्ही रीतसर करून पाहिलं, तर ते ढिम्म हलेनात. सर सगळ्यांदेखत म्हणाले, बाई, ही प्रयोगशाळा आहे, इथे अर्धंकच्चं चालत नाही. महिन्याभरात राजीनामा दिलास आणि जाताना मला म्हणालीस, माझ्या हाताला यशच नाही गं.

आता ऐक. मध्यंतरी सूचना लागली की दुसऱ्या दिवशी इमारतीची वीज बंद राहणार. पेशी फुकट जायला नकोत म्हणून मी त्याच दुपारी द्रव्य घालून मोकळी झाले. मायक्रोस्कोपला डोळा लावला तर थेंबांचा मागमूस नाही. हेच मी तुझ्या तोंडून ऐकलं होतं. पुन्हा केलं, वेगवेगळ्या वेळी करून पाहिलं. थेंब कोवळे असतात तेव्हा पातळ असतात आणि चटकन विरघळतात. द्रव्य धुऊन काढलं तर पुन्हा जमतातसुद्धा! रात्रभरात मात्र ते घट्ट होतात, मग काही केल्या हटत नाहीत. तू पाहिलंस ते खरं होतं, आम्ही पाहिलं तेही खरं होतं. वेळेचा फरक कुणाच्या टाळक्यातच आला नाही. ते द्रव्य काही औषध नव्हे, पेशींनाही ते सोसत नाही. पण हा कारखाना कधी मोडता येतो ते आता कळलंय, म्हणजे नेमकं तेवढंच करणारं, पोरांना सोसेल असं औषध शोधायला वाट आहे. फार आनंद झालाय मला.

सरांना सगळं दाखवलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, शोधलेखावर पहिलं नाव तिचं घाला, आणि अजून रागावलीय का ते विचारा. तेव्हा विचारते आहे. तुझ्या होकाराशिवाय लेख हलणार नाही. सरांनंतर प्रयोगशाळा माझ्याकडे येणार आहे आणि एक जागा निघतेय. मुलाखत होईल, वशिला चालणार नाही, पण तू अर्ज कर. कर गं.

खरं सांगू? एवढ्यासाठी दोन ओळींचा निरोपही पुरला असता. पण परवा मी फोन केला तेव्हा तू बाहेर गेली होतीस आणि तुझ्या लेकीने तो घेतला. मी सहज विचारलं, काय गं, तूही आईसारखी शास्त्रज्ञ होणार का? ती म्हणाली, आई कुठे शास्त्रज्ञ होती, ती तिथे बाटल्या धुवायची, तिनेच सांगितलंय. मला रडू फुटलं. तुझा रागही आला, अगदी मनापासून. आता तिला वाचता येतं ना? मग हे पत्र आधी तिच्या हातात दे.

तुझीच,
शेजारच्या टेबलावरची