दोरीची टोकं

मंगळवार, ३ मार्च
झालं! नेमकं आजच. रविवारी लॅक्रोसच्या संघाची निवड, आणि माझ्या स्टिकच्या टोकाला चेंडू झेलायची जी जाळी असते, तिची पार झोळी झालीय. मैदान ओलं होतं, मऊ नायलॉन पाणी प्यायलं आणि सैलावलं. कोचबाईंनी जाळीत चेंडू टाकून स्टिक डोळ्यांसमोर आडवी धरली. चेंडूचा माथा कडेच्या वर दिसायला हवा, असा नियम आहे. "चेंडू कुठाय गं? गिळलास का?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. रविवारीही असंच दिसलं, तर थेट बाहेर. सलग दोन वर्षं थोडक्यात हुकलंय. यंदा नाही हं!

बुधवार, ४ मार्च
तीन जाळ्या आणल्या – मऊ, कडक, मेण लावलेली. कडेला ओवायची दोरी वेगळी. जेवणाच्या टेबलावर मांडून अंघोळीला गेले. येऊन बघते तर सगळं बादलीत! सासरेबुवांचा प्रताप. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं; दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केल्यापासून हात नुसते शिवशिवतात.
"अहो बाबा, हे काय!"
"न भिजवता कापडाला कात्री लावतात का कधी?"
अशी चिडले मी! पण संध्याकाळी त्यांनी टेप लावून मोजून दाखवलं. मऊ जाळी दोन बोटं वाढली. कडक जशीच्या तशी, पण चेंडू तिच्यावरून टणकन उडतो. मेणाच्या जाळीवर पाणी ठरलंच नाही. मेणाची पक्की! म्हातारा हुशार आहे. (तोंडावर सांगणार नाही.)

गुरुवार, ५ मार्च
सकाळी दोघांनी मिळून जाळी ओवली. त्यांचा प्रत्येक टाका सारखा, माझे वाकडेतिकडे. चेंडूपुरता खोलगटपणा संध्याकाळी ठरवू म्हटलं आणि ऑफिसला गेले.
परत आले तर जाळी ढोलासारखी ताणलेली. आणि दोरीची टोकं – सगळी गाठीलगत कापलेली! आता सैल करायला धरायचं काय?
"शिवण संपली की दोरा कापायचा. लोंबता दोरा म्हणजे कामचुकार शिंपी."
"तुम्हाला सांगितलं कोणी होतं?" मी ओरडलेच. चहा तसाच टाकून खोलीत गेले बिचारे.

शुक्रवार, ६ मार्च
अबोला. नवरा म्हणतो, "मला मध्ये घेऊ नका." शहाणा!

शनिवार, ७ मार्च
सकाळी टेबलावर स्टिक. दोरी नवी, स्वतः दुकानात जाऊन आणलेली. चेंडू टाकला – अलगद बसला, माथा वर! आणि प्रत्येक गाठीला वीतभर टोक लोंबतंय. चाळीस वर्षांत या माणसाने असा दोरा ठेवला नसेल.
"बाबा, चुकलं माझं. तसं बोलायला नको होतं."
"चहा टाक," म्हणाले. टाकला. आलं घालून.

रविवार, ८ मार्च
झाली निवड!! झाली! मैदान ओलंच होतं, जाळी तसूभर हलली नाही. तीन गोल. सासरेबुवा कडेला उभे राहून समोरच्यांच्या गोललाही टाळ्या वाजवत होते. कोचबाईंनी जाळी उलटीपालटी करून पाहिली. "कोणी ओवली?" "आमच्या शिंप्याने," मी म्हटलं. ऐकलं बाबांनी. घरी येईपर्यंत छाती फुगलेली.

शनिवार, १४ मार्च
चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा. डॉक्टरबाई म्हणाल्या, खेळ बंद, या वर्षी मैदान विसरा. आनंद झाला, खूप झाला – आणि रिक्षात ढसाढसा रडलेही. घरी सांगितलं. बाबांनी स्टिक हातात घेतली. वाटलं, आता माळ्यावर टाकतील. त्यांनी लोंबती टोकं एकेक करून गुंडाळली, सैलशी गाठ मारली आणि स्टिक दाराजवळच्या खुंटीला अडकवली.
"टोकं भरपूर आहेत, सूनबाई. पुढच्या वर्षी ओढून घेऊ."