सर्व्हरच्या खड्ड्यातल्या मिठाबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
साजटोला वनपरिक्षेत्र,
जि. गडचिरोली.

विषय : भातगिरणीचा जप्त सर्व्हर परत मिळणे व अर्जदाराचे नाव शिकाऱ्यांतून वगळणेबाबत.
संदर्भ : आपल्या वनरक्षकांनी गिरणीच्या फाटकाला खळ लावून चिकटवलेली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार नाजिया ही चंद्रपूरहून संगणकाचा कोर्स करून आलेली असून लटारूभाऊंच्या भातगिरणीत एक सर्व्हर व त्याला जोडलेले चार संगणक सांभाळते. वजनकाटा, गोदाम, ऑफिस आणि खुद्द मालकांचे टेबल अशी ही ठिकाणे. मालकांच्या टेबलावरचा संगणक मुख्यत्वे पत्ते खेळण्यास वापरला जातो, तरी नेटवर्क बंद पडल्याची पहिली बोंब तिथूनच उठते.

२. माघ सरता सरता सर्व्हर रोज सकाळी बंद पडू लागला. अर्जदाराने केबल बदलली, हब बदलला, नेटवर्क कार्ड बदलले. शेवटी सर्व्हरच्या पेटीला हात लागून झिणझिण्या आल्या, तेव्हा दुखणे यंत्रात नसून अर्थिंगमध्ये आहे हे कळले. अर्थिंग म्हणजे यंत्रातली भटकी वीज जमिनीत सोडणारी तार. तिच्यासाठी खड्डा करून त्यात कोळसा व मीठ भरतात आणि पाणी घालतात. वायरमन मंगरूभाऊंनी गिरणीमागे हे सर्व विधिवत केले. दुसऱ्या दिवशी मीठ गायब आणि तार उपटलेली. मंगरूभाऊ म्हणाले, "बाई, इथली जमीन लय खादाड हाय. मीठ कमी पडून राह्यलं, आनखी टाका." आणखी टाकले. जमीन तेही जेवली. गिरणीमागे कुंपण नाही, थेट सागवान सुरू होते, आणि खड्ड्याभोवती खुरांचे ठसेही होते. परंतु दोघांचे डोळे मीटरच्या काट्यावर खिळलेले होते, खाली कोण पाहतो?

३. खाली पाहिले ते आपले वनरक्षक सुकलूभाऊ यांनी. चितळे मीठ चाटायला येतात आणि आपले खातेही जंगलात त्यांच्यासाठी चाटण करून ठेवते, हे सर्वश्रुत आहे. तारेत करंट सोडून जनावरे मारणारे लोक या भागात आहेत, त्यामुळे संशय अगदीच वावगा होता असे अर्जदार म्हणत नाही. सुकलूभाऊ म्हणाले, "मीठ इथी, तार इथी, करंट इथी. मंग शिकार का चंद्रपूरले होते?" लगोलग पंचनामा झाला. सर्व्हर 'विजेचा सापळा', निळी केबल 'फास' आणि केबलची टोके दाबायची पकड 'दातेरी हत्यार' म्हणून जप्त झाली. मिठाचे उरलेले पोते 'आमिष' ठरले आणि अर्जदार 'टोळीची म्होरकी'. टोळीत दुसरे मंगरूभाऊ, ज्यांना चष्म्याशिवाय हातातला पेचकस दिसत नाही.

४. इथवर अर्जदार हसत होती. मग लटारूभाऊंनी बोलावून सांगितले, "पोरी, मले कारनं नको सांगू. सोमवारी सर्व्हर नाई आला तं तू बी नको येऊ." ही अर्जदाराची पहिली नोकरी आहे. पोरीच्या जातीला मशिनीची कामं कशाला, असे म्हणणाऱ्या अख्ख्या मोहल्ल्याचे तोंड तिने या नोकरीने बंद केले होते. ते आता पुन्हा उघडले आहे, आणि याचे तिला फार वाईट वाटते.

५. अशात मंगळवारी आपल्याच कार्यालयातून निरोप आला की साहेबांच्या नव्या संगणकाला हात लावताच झटका बसतो, तातडीने यावे. संशयित म्हणून यावे की जाणकार म्हणून, याचा खुलासा निरोपात नव्हता. तरी अर्जदार गेली. दुखणे तेच निघाले. आपल्या तोंडी आदेशावरून कार्यालयामागे खड्डा करण्यात आला. बाजारातून मीठ आणायला कोण जाणार, म्हणून सुकलूभाऊंनी जप्तीचेच पोते सोडले. आपला संगणक तेव्हापासून शांत आहे, याबद्दल अभिनंदन.

६. बुधवारपासून चितळे आपल्याकडे येतात. गिरणीचे मीठ खाल्ले, पण मिठाला जागली नाहीत. परिक्षेत्रात चितळांची संख्या वाढल्याचे आपण वरिष्ठांना कळवलेत, असे सुकलूभाऊ छाती फुगवून सांगतात. म्हणजे एकच पोते गिरणीमागे शिकार ठरते आणि कार्यालयामागे संवर्धन.

७. दरम्यान अर्जदाराने गिरणीचा खड्डा नव्याने भरून त्यावर फरशी बसवली व तार लोखंडी पाइपातून नेली. अर्थिंग आता निर्दोष आहे. उणीव फक्त सर्व्हरची आहे.

८. आपल्या खड्ड्यावर मात्र अद्याप फरशी नाही. चितळांना तार उपटायला फार वेळ लागत नाही, हे अर्जदार अनुभवाने जाणते. सर्व्हर सोमवारपूर्वी मिळाल्यास ती त्याच दिवशी फरशी व पाइप घेऊन हजर होईल. तोवर साहेबांच्या जिवाची काळजी म्हणून एक वस्तू सोबत जोडली आहे, ती संगणकाला हात लावण्यापूर्वी वापरावी ही विनंती.

आपली, तूर्त टोळीची म्होरकी,
(सही)
नाजिया रईस शेख
साजटोला, दि. १९ मार्च २००४

सोबत :
१. नोटिशीची झेरॉक्स.
२. कोर्सचे प्रमाणपत्र.
३. रबरी चपलांचा जोड (साहेबांचे माप सुकलूभाऊंकडून घेतले आहे).