शनिवारचा पहिला पाव

॥ श्री ॥

आज सकाळी घरात आले ते: फुलस्केप कागद सहा, तीन रुपये. बॉलपेनची रिफील एक, चार रुपये. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला, दीडशे रुपये. पंचवीस वर्षांची ओळख, तरी पैसे घेतले. स्टॅम्प पेपर मृत्युपत्राला लागत नाही असे वकीलसाहेब म्हणाले, तेवढे वाचले. खालच्या दुकानातून गरम पाव एक. गिऱ्हाइकाला ऐंशी रुपये, मला फुकट.

मी, द्वारका रावसाहेब कोंढरे, वय बहात्तर, जुनी मॅट्रिक, काम घरकाम, राहणार बाणेर, पुणे, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे हे आज शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मर्जीने लिहून ठेवते. शंका असेल त्याने डॉक्टरांना आणखी दीडशे रुपये देऊन पुन्हा विचारावे.

कलम १. यजमान रावसाहेब बारा वर्षांपूर्वी वारले. एकुलता मुलगा तेजस अमेरिकेत असतो. राहता फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी त्याला. फ्लॅट विकायचा तर विकावा. विकताना माळ्यावरची लोणच्याची बरणी दलालाला देऊ नये, एवढेच.

कलम २. सोन्याच्या पाटल्या तेजसच्या मुलीला. तिला मी फोटोतच पाहिले आहे. तिची आई तिकडची असली तरी मनगट आमच्या घरचे आहे.

कलम ३. तळमजल्यावरचा गाळा, ज्यात सध्या द्राक्षाच्या वाइनचे दुकान आहे, तो मी अपेक्षाला देते. कायमचा, मालकीहक्काने. या कलमावरून भांडण होईल हे मला दिसते, म्हणून कारणे लिहिते.

आमची शेते काचेच्या इमारतींखाली गेली तेव्हा आलेल्या पैशांतून हा गाळा मी माझ्या एकटीच्या नावावर घेतला. उरलेले यजमान प्याले. हे लिहू नका असे वकीलसाहेब म्हणाले होते. पण गावाला ठाऊक आहे ते कागदाला कळले म्हणून काय बिघडते?

अपेक्षा ही माझी पूर्वीची सून. तेजसने तिकडे दुसरा संसार मांडला, कोर्टाचा कागद झाला. तिने मला आई म्हणू नये असे त्या कागदात कुठे नव्हते, म्हणून ती म्हणत राहिली. तिने कंपनीतली नोकरी सोडली आणि गाळा भाड्याने मागितला, वाइनसाठी. मी आठ महिने नाही म्हणत होते. वाइन शॉप म्हणजे काय ते मला शिकवू नकोस, म्हटले, त्या पायऱ्यांवरून मी माणूस उचलून आणलाय.

ती म्हणाली, "आई, दुसऱ्या बाजूनं मीच धरलं होतं त्यांना. म्हणूनच म्हणते, एकदा येऊन बघा."

खोटे नव्हते. मी अकरा महिन्यांचा करार केला, परक्याशी करतात तसाच, आणि पहिल्या शनिवारी दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले. दर शनिवारी संध्याकाळी ती चार बाटल्या उघडणार, दुकानामागच्या भट्टीत भाजलेला ताजा पाव कापणार आणि लोकांना चव देणार, असे तिने सांगितले होते. चव म्हणजे काय ते मला बघायचे होते.

हिंजवडीची मुले-मुली आली, गळ्यात कंपनीचे पट्टे तसेच. प्रत्येकाला तीर्थ देतात त्याहून जरा जास्त, एवढीच वाइन. कोणी घशात ओतली नाही. सगळ्यांनी आधी ग्लासात नाक घातले आणि भरलेले दुकान एकदम गप्प झाले. आमच्याकडे मंत्रपुष्पालासुद्धा इतकी शांतता नसते, कोणाचा तरी मोबाईल वाजतोच. मग एका मुलाने घोट तोंडात घोळवला आणि स्टीलच्या बादलीत थुंकला. मला वाटले, बाटली नासली. तर शेजारची मुलगीही थुंकली, आणि दोघे हसून पाव खाऊ लागले. मी अपेक्षाला विचारले. म्हणाली, चव कळली, काम झाले.

यजमानांनी उभ्या आयुष्यात एक थेंब थुंकला नाही. तोंडात आलेली सोडून देणारा माणूस मी सत्तरीला टेकल्यावर पाहिला. त्या दिवशी जपाला बसले तर माळ हातात तशीच राहिली. देव माणसाला असेही करू शकतो, तर मग माझ्याच घरी का नाही केले, असे दोन्ही विचार एकदम आले. दुसऱ्याचे उत्तर अजून मिळाले नाही. पहिल्याने मात्र मी नमस्कार केला.

पावाचे नवल तर अजून ओसरत नाही. पीठ, पाणी आणि मीठ, बस्स. यीस्टची पुडीसुद्धा नाही. कालचे आंबलेले पीठ थोडे राखायचे आणि आजच्यात मिसळायचे, आपण विरजण लावतो तसे. भट्टीतून काढला की पाव बारीक तडतडतो. कान जवळ नेला तर कोणीतरी मंद आवाजात पोथी वाचत असावे तसे. वरचे कवच गार होताना तडकते, असे अपेक्षा म्हणते. तडकत असेल. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले.

वाइन मी घेतली नाही आणि घेणार नाही. एकदा वास घेतला, त्या दिवशी एकादशी नाही याची खात्री करून. जांभळे, आणि त्यामागे विझलेल्या वातीचा धूर. मी तसे बोलले. कोणी हसले नाही. एका मुलीने पुन्हा हुंगून पाहिले आणि हो आजी, म्हणाली. सत्तर वर्षे मी हे नाक फोडणी जळली की नाही एवढे बघायलाच वापरले.

कलम ४. मारुती. माझ्या देवघरातली वीतभर उंचीची शेंदरी मूर्ती माझी नव्हे, ती घरात कशी आली ते नोंदवून ठेवते.

माझा पुतण्या रविराज याला एका शोरूमवाल्याकडून दलाली मिळणार होती, गाळा रिकामा झाला तर. मी दाद दिली नाही. देवळाला लागून असलेल्या अशा दुकानाचा परवाना अडकतो, हे त्याला कोणीतरी सांगितले. परवान्याच्या नूतनीकरणाचा महिना होता. शनिवारी सकाळी पाहते तर दुकानाच्या पायरीशी विटांची घुमटी, आत मारुती, आणि शेजारीण विमलाबाई तेलाची वाटी घेऊन उभ्या.

रविराज म्हणाला, "काकू, सयंभू हाय. सपनात आलता माझ्या."

मी म्हटले, "स्वयंभू आहे तर बुडाचं सिमेंट ओलं कसं?"

"आता देवाला हलवता येत न्हाई, काकू."

"हलवतंय कोण? घरी नेतेय. पाहुण्याला पायरीवर बसवायची आपल्यात रीत नाही."

बोलले खरी, पण तसाच हात लावला नाही. देव देवच असतो, त्याला कोणी का आणून बसवेना. मी आंघोळ केली, सोवळे नेसले, नारळ ठेवून हात जोडले आणि सांगितले, तुझी इच्छा नसेल तर जागचा हलू नकोस. विमलाबाई म्हणाल्या, पाप लागेल हो. म्हटले, मला लागू दे, तुम्ही फक्त पाट धरा. मूर्ती अशी अलगद हातात आली की अंगावर काटा आला. सिमेंट ओले होते हे मलाही कळते. तरी काटा आला तो आलाच.

घरात शिजवलेले काही नव्हते. भट्टीतला पहिला पाव होता. गूळ ठेवून तोच नैवेद्य दाखवला. आंबवलेले देवाला कसे चालते, म्हणून कोणी नाक मुरडेल, त्याने अनारशाचे पीठ काय असते ते आपल्या आईला विचारावे. चार दिवसांनी परवान्याचे साहेब आले, रिकामी पायरी पाहून गेले. तेव्हापासून शनिवारचा पहिला पाव मारुतीला, प्रसाद दुकानात.

हा मारुती मी विमलाबाईंना देते. पहिला पाव अपेक्षाने त्यांच्या दारी पोचवावा.

कलम ५. रविराजच्या नव्या परमिट रूमच्या दारात हा मारुती बसवून टाका, असे वकीलसाहेब हसत म्हणाले. तसे मी लिहीत नाही. देव काही सूड उगवायला नसतो. रविराजने दर शनिवारी वाटीभर तेल विमलाबाईंकडे नेऊन द्यावे. देव त्याने आणला, तेल तरी त्याचे असावे.

कलम ६. पितळी परात, जिच्यात मी पन्नास वर्षे कणीक मळली, ती अपेक्षाला. पावाचे पीठ तिच्यात चांगले फुगते, आम्ही करून पाहिले आहे.

कलम ७. गाळ्याला अट एकच. पिऊन आलेल्याला दुकानात काही देऊ नये. पण त्याला पायरीवर पडू देऊ नये. रिक्षात घालून घरी पोचवावे, भाडे दुकानाने द्यावे, आणि दार उघडणाऱ्या बाईशी दोन शब्द बरे बोलावेत. माझ्याशी कोणी बोलत नसे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, पटले. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही; पुन्हा करायला कागद उरलेला नाही.

साक्षीदार:
१. बाबुराव गणपत जाचक, निवृत्त पोस्टमास्तर, बाणेर
२. मुक्ता श्रीधर उपळेकर, शिक्षिका, औंध

सही: द्वारका रावसाहेब कोंढरे
ठिकाण: पुणे
शनिवार, ६ फेब्रुवारी २०१०, माघ वद्य पक्ष, शके १९३१

ता. क. ही नक्कल चि. तेजसला टपालाने पाठवीत आहे.

चि. तेजस, गाळा माझा आहे, तुझी परवानगी कायद्याने लागत नाही. तरी विचारते. तू तिला सोडलेस त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही, यातही बोललेले नाही. मी गेल्यावर तू वकील लावलास तर तिला दुकान बंद करून तारखांना उभे राहावे लागेल, आणि तिच्या बाजूने बोलायला मी नसेन. कलम ३ ला तुझी हरकत नाही, एवढे एक वाक्य स्वतःच्या अक्षरात लिही आणि सही कर. फोन नको, फोनवर तू घाईत हो म्हणतोस. हरकत असेल तर तीही लिही, रागावणार नाही. काय ते उलट टपाली कळव. अजून मी आहे, तुझ्याशी बोलू शकते.